लेगोच्या विटांचा ब्रिटिश पब : आधी काउंटर की आधी भिंती?

ठोकळेबाज (शनिवार, रात्री ९.४०)

मंडळी, हिवाळ्यात करू, हिवाळ्यात करू म्हणत राहिलेलं काम एकदाचं टेबलावर आलंय. लंडनचा नाक्यावरचा पब, १८९० च्या दशकातल्या बांधणीचा, लेगोच्या विटांतून. कुठल्या एका पबची नक्कल नाही. विल्सडेनला राहतो, येताजाता जे जे आवडलं ते उचललंय. माप मिनिफिगचं (लेगोचा छोटा माणूस), म्हणजे साधारण १:४२. ३२ × ३२ स्टडची (स्टड म्हणजे विटेवरचं गोल टेंगूळ) बेसप्लेट, म्हणजे पायाची पाटी, २५.६ सेंमीची, त्या मापाने पावणेअकरा मीटर झाले. नाक्यावरच्या पबला तेवढं पुरतं.

काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या भिंतींचा पब मुद्दाम टाळलाय. तो सगळेच करतात. शिवाय २०२५ च्या जानेवारीत कंपनीनेच 'ट्यूडर कॉर्नर' काढला, ३,२६६ तुकड्यांचा, आणि त्यात तळमजल्यावर 'ओल्ड गार्डेड इन' आहे (१९८६ च्या 'गार्डेड इन' या संचाला केलेला नमस्कार). मला हवाय तो दुसरा प्रकार: खाली हिरव्या चकचकीत टाइल्स, वर लाल विटा, कोपरा छाटून तिथे दार, नक्षीच्या दुधी काचा आणि आत लाकडी पडद्यांनी पाडलेले कप्पे. पब्लिक बार, सलून बार, स्नग आणि घरी बिअर न्यायची खिडकी, असे चार.

अडलंय ते इथे:
- दुधी काच कशी दाखवायची? मी कट्टर आहे. लेगोबाहेरचं काही लावणार नाही, तुकडा कापणार नाही.
- छाटलेला कोपरा. ४५ अंशात भिंत बसवली की फटी राहतात.
- आतलं आधी बांधू की बाहेरचं?

कागदावरचे आराखडे टाकलेत. बघा आणि बिनधास्त झोडपा.

बाळबोध (शनिवार, १०.०५)

वा! पहिला मी. फोटो दिसत नाहीयेत पण. एक भाबडा प्रश्न: एकाच दारूच्या दुकानात चार कप्पे कशाला? गिऱ्हाईक तेच, बिअर तीच.

लीड्सची लीला (शनिवार, १०.५२)

बाळबोध, बिअर तीच असली तरी भाव तोच नसायचा. पब्लिक बारमध्ये लाकडी बाकं, उघडी जमीन, कामावरून आलेले लोक, आणि पाइंट, म्हणजे मोठा ग्लासभर बिअर, स्वस्त. सलूनमध्ये गालिचा, गाद्या, आरसे, आणि त्याच पाइंटला थोडे जास्त पैसे. स्नग म्हणजे कोपऱ्यातली दार लावून घ्यायची खोली. चारचौघांत बसून प्यायचं नाही असे लोक तिथे बसत, त्यात बायका बऱ्याच. आणि घरी न्यायच्या खिडकीवर पोरं जग घेऊन बापासाठी बिअर आणायला यायची. १९६०-७० च्या सुमारास बहुतेक ठिकाणी मधल्या भिंती पाडून एकच मोठी खोली केली, म्हणून आजच्या पबात हे दिसत नाही. ठोकळेबाजांनी कप्पे ठेवलेत हे बेस्ट केलंय.

ठोकळेबाज, आधी काउंटर. बाकी सगळं नंतर. पबात वेटर टेबलाशी येत नाही, सगळ्यांना काउंटरशीच जावं लागतं. म्हणजे प्रत्येक कप्प्याला काउंटरचा एक तुकडा मिळालाच पाहिजे, आणि एका माणसाला सगळीकडे हात पोचवता आला पाहिजे. तुमच्या आराखड्यात स्नगला काउंटरच नाही. त्या बिचाऱ्या बाईने पोर्ट (गोड वाइन) मागायची कुणाकडे?

३.२ मिमी (शनिवार, ११.३०)

लीलाताईंना +१, आता कोपरा. पायथागोरसला बोलवा. चौकोनाचा कोपरा ५ × ५ स्टडचा छाटलात तर तिरकी बाजू ७.०७ स्टड येते. म्हणजे ७ स्टडची सरळ भिंत दोन बाजूंना हिंज (बिजागरीचे तुकडे) लावून बसते आणि चूक राहते ०.०७ स्टडची, अर्धा मिलिमीटर फक्त. एवढं हिंज पोटात घेतं. तुम्ही ४ × ४ छाटलाय, तिथे ५.६६ येतात, म्हणून तुमची ६ ची भिंत आत शिरत नाही आणि ५ ची लावली की फट. ५ चा कोपरा घ्या, मधे ४ स्टडचं दार, दोन्ही बाजूंना दीड-दीड स्टड उरतो, तिथे जंपर प्लेट (अर्धा स्टड सरकवून बसवायचा तुकडा) लावून खांब उभे करा. दाराच्या वर कमान नको, सरळ तुळई ठेवा. वरचा मजला चौकोनी ठेवलात तर तो कोपरा दारावर सज्जासारखा पुढे येईल. पुष्कळ खऱ्या पबांत तसंच असतं, त्यामुळे आळस लपतो.

दुधी काचेला: पारदर्शक प्लेटा (विटेच्या एक तृतीयांश उंचीचे पातळ तुकडे) एकावर एक रचा. प्रत्येक ३.२ मिमीवर सांध्याची रेष येते, प्रकाश आत जातो पण नजर आरपार जात नाही. फक्त खालच्या दोन तृतीयांश खिडकीला हे करा, वरचा तुकडा साधी काच. खऱ्या खिडक्याही तशाच असतात, आत बसलेला माणूस रस्त्यावरून दिसू नये एवढ्याच उंचीपर्यंत.

खवट शेंगदाणा (रविवार, सकाळी ७.१५)

दारूच्या गुत्त्याच्या प्रतिकृतीवर एवढी भूमिती! आमच्या पेठेत पेशवाईतले वाडे होते, त्यातला एखादा करा म्हणावं. पण नाही. गोऱ्यांच्या गुत्त्याला टाइल्स कुठल्या रंगाच्या याची चिंता.

सुतारपक्षी (रविवार, ११.२०)

खवटकाका, वाड्यांबद्दल पोटतिडकीने बोलताय म्हणून ही गोष्ट खास तुमच्यासाठी. मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, आमच्या वर्गात ही हमखास सांगितली जाते.

ठोकळेबाजांच्या घरापासून फार लांब नाही, किलबर्नच्या बाजूला, कार्लटन टॅव्हर्न नावाचा पब आहे. १९२०-२१ मध्ये बांधलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत त्या गल्लीतलं बाकी सगळं गेलं, हा टिकला. २०१५ च्या एप्रिलमध्ये तो संरक्षित इमारतींच्या यादीत जाणार होता. त्याच्या दोन दिवस आधी मालकाने परवानगी न घेता बुलडोझर घातला. आपल्याकडे पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने हुकूम काढला की जसा होता तसा, विटेला वीट लावून परत बांधा. इमारत पाडण्याआधी तिची मोजमापं आणि टाइल्सचे साचे घेऊन ठेवले होते म्हणून ते जमलं. ढिगाऱ्यातून निघालेलं पुष्कळ सामानही परत वापरलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पब पुन्हा उघडला.

म्हणजे गुत्ता असो की वाडा, कुणीतरी आधी मोजून ठेवलेला पाहिजे. तुमच्या पेठेतला वाडा कुणी मोजलाय का? असल्यास मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खरंच.

ठोकळेबाज, आता तुमच्या विटांकडे वळते. तुम्ही भिंतीत सगळीकडे १ × २ च्या विटा एकसारख्या लावल्यात. त्या काळच्या चांगल्या पबाची दर्शनी भिंत बहुधा फ्लेमिश बाँडची असे: एकाच थरात एक वीट लांबीत, एक वीट रुंदीत, आळीपाळीने, आणि रुंदीतली वीट खालच्या लांबीतल्या विटेच्या बरोबर मधोमध. हे १ × २ आणि १ × १ ने करायला गेलात तर अर्ध्या स्टडचा घोळ होतो, मध्य जुळत नाही. १ × ४ आणि १ × २ घ्या. १ × ४ च्या मधोमध १ × २ अचूक बसते, दोन्ही बाजूंना एकेक स्टड सोडून. कोपऱ्यापाशी गवंडी रुंदीतल्या विटेनंतर अर्धं तुकडं घालतात, ते तुमचं १ × १.

गंमत अशी की २ × ४ ची लेगोची वीट आणि खरी ब्रिटिश वीट, दोघींचं लांबी-रुंदीचं प्रमाण सारखंच. २१५ आणि १०२.५ मिमी, मधला १० मिमीचा सांधा धरला की बरोबर दुप्पट. त्यामुळे २ × ४ वापरून दुहेरी भिंत बांधलीत तर कोपराही खऱ्या गवंड्यासारखा आपोआप वळतो.

३.२ मिमी (रविवार, ११.४८)

सुतारपक्षी, कडक. पण हिशेब करा. दुहेरी भिंत म्हणजे १६ मिमी, १:४२ ला ६७ सेंमी जाडीची. किल्ला होईल. आणि मापात काढली तर खरी वीट ५ मिमी लांब आणि दीड मिमी उंच येते, एका प्लेटच्या उंचीत दोन थर! म्हणजे काहीही केलं तरी बाँडचा नुसता भास होणार. मी म्हणेन, एकेरी भिंतीत १ × ४ आणि १ × २ घ्या, १ × २ जरा गडद रंगाची. लांबून बघणाऱ्याला एवढं पुरतं.

सुतारपक्षी (रविवार, १२.१०)

मला नाही पुरत. पण पैसे तुमच्या खिशातले जाणार नाहीयेत, त्यामुळे भांडणार नाही.

ठोकळेबाज (रविवार, दुपारी ३.३०)

काय धमाल चाललीय! एकेरी भिंत, गडद १ × २, ५ चा कोपरा: मान्य. लीलाताई, काउंटर आधी, हेही मान्य. घोड्याच्या नालेसारखा काउंटर बेसप्लेटच्या मधे घेतलाय आणि चारी कप्पे त्याच्याभोवती फिरवलेत. स्नगला आता तीन स्टडचा काउंटर मिळाला.

पण त्यातून नवीन कटकट. सलूनमधल्या साहेबांना पब्लिक बारमधले मजूर काउंटरच्या पलीकडून थेट दिसतायत. यावर जुना उपाय म्हणजे स्नॉब स्क्रीन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काउंटरवर तोंडाच्या उंचीला लाकडी चौकट, तिच्यात छोट्या नक्षीच्या काचा, प्रत्येक काच उभ्या कण्यावर फिरणारी. ऑर्डर द्यायची तेव्हा काच फिरवायची, ग्लास घ्यायचा, परत बंद. ब्लूम्सबरीतल्या 'द लँब'मध्ये आणि मेडा व्हेलच्या 'प्रिन्स आल्फ्रेड'मध्ये अजून आहेत. फिरणाऱ्या काचा हव्यातच. कुणी केलंय का?

३.२ मिमी (रविवार, ४.१५)

उभा बार (लेगोची बारीक दांडी) घ्या, त्याला बाजूने क्लिप असलेली १ × १ प्लेट अडकवा, तिच्यावर १ × १ पारदर्शक टाइल (वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा). क्लिप बारवर फिरते. एका पट्टीत चार-पाच बसतील. बार वरखाली पकडायला वर पोकळ स्टडची प्लेट, खाली तीच. काउंटरची उंची तीन विटांच्या वर नेऊ नका, नाहीतर मिनिफिगची फक्त टोपी दिसेल.

लीड्सची लीला (रविवार, ५.०२)

प्रिन्स आल्फ्रेडचा विषय काढलात म्हणून: तिथल्या कप्प्यांमधल्या पडद्यांना खाली बुटकी दारं आहेत. मोठ्या माणसाला कमरेत वाकून जावं लागतं. ग्लास गोळा करणाऱ्या पोऱ्याला आणि झाडलोट करणाऱ्यांना एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून ती. ती दारं कराच. मिनिफिगला वाकवत बसण्यापेक्षा आखूड पायांचा मिनिफिग पोऱ्या म्हणून बरोबर जाईल.

आणि हँडपंप विसरू नका! तीन तरी हवेत, शेजारी शेजारी, उंच मूठ. आमच्या लीड्समध्ये व्हाइटलॉक्स आहे, १७१५ पासूनचा, ब्रिगेटच्या बाजूच्या चिंचोळ्या बोळात. अरुंद, लांबच लांब, काउंटरच्या दर्शनी बाजूला टाइल्स, मागे आरसे, पितळ लखलखीत. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं ते पंप शोभेचे आहेत. मग बारमागच्या मुलीने बाही सरसावून मूठ खेचली, आणि अर्धा ग्लास भरला. परत खेचली, भरला. नळ सोडल्यासारखी बिअर येत नाही, खालच्या तळघरातून उपसावी लागते.

उत्तरायण (रविवार, ६.४०)

त्या पंपाचं पेटंट १७९७ चं, जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराचं. कुलुपं करणारा आणि हायड्रॉलिक प्रेसवाला ब्रामा तोच. साधा दट्ट्या आहे, आपल्या हापशासारखा.

तळघराचं काय करताय ठोकळेबाज? जिवंत बिअर पिंपातच मुरत असते, ११ ते १३ अंशांत ठेवावी लागते, म्हणून तळघर. बेसप्लेटखाली पाच-सहा विटांची उंची काढा आणि फुटपाथवर दुपाखी झडप ठेवा, जिथून पिंपं घरंगळत खाली सोडतात. लंडनच्या फुटपाथवर चालताना पायाखाली धप्प वाजतात त्या झडपा. त्याच्याशिवाय पब पुरा नाही.

पिंपाचं माप मात्र बघा. लेगोचं तयार पिंप २ × २ चं, १:४२ ला जवळपास ८० सेंमी उंच निघतं. पबात जास्त चालणारं ९ गॅलनचं फर्किन म्हणजे ४१ लिटरच, ७२ पाइंट. त्याला ते पिंप फारच दांडगं. गोल १ × १ वीट एकच, आडवी टाकली तर फर्किन म्हणून खपेल, जरा लहान दिसेल एवढंच.

मी बेलफास्टला असतो. इथलं क्राउन सलून बघितलंत का? १० बंद खोपटी आहेत, प्रत्येकीला दार आणि आत घंटी. नॅशनल ट्रस्टच्या (वारसा जपणारी संस्था) मालकीचा पब. लंडनहून स्वस्तात विमान मिळतं, या एकदा.

बाळबोध (रविवार, ७.०५)

मी हे वाचून भारावलोय. नाशिकला बसून हे करायचं तर किती खर्च?

३.२ मिमी (रविवार, ७.३०)

बाळबोध, जखमेवर मीठ चोळू नका. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यात २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा. ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारावरून सुट्या विटा मागवणं म्हणजे कस्टमच्या कागदांशी झटापट. मी पुण्यात बसून आधी सगळं स्टुडिओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बांधतो. तिथे विटा संपत नाहीत आणि बायको किंमत विचारत नाही. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. ठोकळेबाजांनी फाइल टाकली तर आपण सगळे त्यात बोटं घालू.

खवट शेंगदाणा (रविवार, ९.५०)

सुतारपक्षीबाई, कार्लटन टॅव्हर्नचं शोधून वाचलं. बरोबर आहे तुमचं. आमच्या वाड्याची मोजमापं वडिलांनी वहीत काढून ठेवलेली आहेत, फुटात आणि इंचात. व्यनि करतो. ठोकळेबाज, गुत्त्याचं नाव काय ठेवताय?

ठोकळेबाज (सोमवार, रात्री ८.१५)

काका, तोच घोळ चाललाय. पाट्यांचा इतिहास झकास आहे. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्डने फर्मान काढलं की एल (बिअरचा एक प्रकार) विकणाऱ्याने बाहेर खूण टांगलीच पाहिजे, म्हणजे तपासनिसाला दुकान सापडेल. लोकांना वाचता येत नव्हतं, मग चित्रं. रिचर्डचं स्वतःचं चिन्ह पांढरा हरिण, म्हणून 'व्हाइट हार्ट' गावोगाव. सगळ्यात जास्त 'रेड लायन', पण सिंह ४ × ५ स्टडच्या पाटीवर मांजरासारखा दिसतो, करून बघितला.

म्हणून 'रॉयल ओक'. १६५१ मध्ये वुस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलला एका ओकच्या झाडात लपला होता. गडद हिरव्या पानांच्या तुकड्यांत मधोमध मिनिफिगचं एक डोकं आणि वर सोनेरी मुकुट. खऱ्या पाट्यांवरही झाडातून राजाचा चेहरा डोकावत असतो. मुलीने विचारलं, हा माणूस झाडात का अडकलाय? म्हणजे जमलंय.

बाकीची प्रगती: काउंटर झाला, हँडपंपांना काळे लिव्हर लावले, तीन आहेत. स्नॉब स्क्रीनच्या क्लिपा दोन फिरतात, तिसरी शेजारणीला धडकते, मधे अर्धा स्टड वाढवतोय. बुटकं दार झालं, पोऱ्या बरोबर जातो. तळघराला उत्तरायण म्हणतात तशी उंची काढली, पण मग जिना कुठून? काउंटरमागे झडप ठेवली तर बारवाला तिच्यावरच उभा राहतो.

उत्तरायण (सोमवार, ८.४०)

खऱ्या पबांतही तसंच असतं हो. काउंटरमागची झडप उघडली की "सांभाळ!" म्हणून ओरडतात. तशीच ठेवा.

३.२ मिमी (सोमवार, ९.००)

डार्टबोर्ड लावणार का? नियमाने बुल (बोर्डाचा मधला ठिपका) जमिनीपासून १.७३ मीटरवर, फेकणारा २.३७ मीटर लांब. तुमच्या मापात ४१ मिमी आणि ५६ मिमी, म्हणजे ७ स्टड. पब्लिक बारमध्ये ७ स्टडची मोकळी रांग आहे का? बोर्डाचा व्यास पावणेअकरा मिमी निघतो; १ × १ गोल टाइल लहान, २ × २ मोठी. मी मोठी घेतली असती.

ठोकळेबाज (सोमवार, ९.२०)

रांग आहे, पण मधे स्नगचं दार उघडतं. मोठी टाइल लावतो आणि दार आतल्या बाजूला उघडायला करतो, नाहीतर पोर्ट पिणाऱ्या आजींना डार्ट लागेल.

लीलाताई, शेवटचं. सलूनमधला गालिचा कुठल्या रंगाचा? माझ्याकडे गडद लाल टाइल्स भरपूर आहेत.

लीड्सची लीला (सोमवार, ९.४५)

नुसता लाल नको, हॉटेल वाटेल. पबाच्या गालिच्यात नक्षी दाट पाहिजे, सांडलेलं दिसू नये म्हणून. गडद लाल, त्यात तपकिरी, मधे मधे मळका पिवळा आणि थोडा बाटलीहिरवा. १ × १ च्या टाइल्स, आणि नक्षी तिरकी. जो गालिचा तुम्ही स्वतःच्या घरात कधीच टाकणार नाही, तो बरोबर.

ठोकळेबाज (सोमवार, ९.५०)

मळक्या पिवळ्या १ × १ माझ्याकडे मूठभरच आहेत. आज मागवतो. फाइल उद्या टाकतो, तोवर बाळबोधनी स्टुडिओ उतरवून ठेवावं.